प्रौढांमधील ओलाव्याचा त्वचादाह : निदान आणि उपचारांची पार्श्वभूमी

लघवी किंवा शौचावर ताबा न राहिलेल्या प्रौढ रुग्णाच्या जांघेत, नितंबांवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला उठणारी लाली, आग आणि सोलवटलेली त्वचा हा त्रास जुनाच आहे. मात्र त्याचा स्वतंत्र अभ्यास गेल्या तीसेक वर्षांतलाच. त्याआधीचे उपचार एक तर तान्ह्या बाळांच्या पुरळाच्या ज्ञानातून उसने घेतलेले होते, नाही तर शय्याव्रणाच्या (अंथरुणाला खिळल्याने, सततच्या दाबामुळे होणाऱ्या जखमेच्या), आणि या दोन्ही उसनवारींच्या खुणा देखभालीच्या सवयींत आजही आढळतात.

बाळांच्या लंगोटाखालील दाहाचे वर्णन फ्रेंच डॉक्टर जाके यांनी १९०५ मध्ये केले. पुढे १९२१ मध्ये अमेरिकेतील कुक यांनी त्याचे कारण मांडले : शौचातील जिवाणू लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करतात आणि तो त्वचा जाळतो. ओल्या कपड्याचा उग्र दर्प ज्याच्या नाकात गेला आहे, त्याला हे पटायला वेगळा पुरावा लागत नव्हता. बहुधा म्हणूनच हे मत अर्धशतक टिकले. जंतुनाशकात लंगोट खळबळणे आणि बोरिक पावडर भुरभुरणे या उपायांना त्यातूनच बळ मिळाले. बोरिक ॲसिड सोललेल्या त्वचेतून रक्तात उतरते, त्यामुळे बाळे दगावल्याच्या नोंदी विसाव्या शतकाच्या मध्यास वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आणि ती पावडर मागे पडली.

अमोनियाच्या मताला मोठा धक्का बसला तो १९७७ मध्ये. लेडन, क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरळ असलेल्या आणि नसलेल्या बाळांची तुलना केली, तेव्हा अमोनिया आणि तो तयार करणारे जिवाणू यांच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. १९८६ मध्ये बर्ग आणि बकिंगहॅम यांच्या प्रयोगांतून खरा दुवा पुढे आला : अमोनिया थेट जाळत नाही, तो त्वचेची आम्लता कमी करतो, आणि अशा वातावरणात शौचातील प्रथिने व मेद पचवणारी विकरे अधिक जोमाने काम करून ओलाव्याने आधीच मऊ पडलेल्या त्वचेचा वरचा थर पोखरतात. लघवी आणि शौच एकत्र आल्यावर, त्यातही जुलाब होत असताना, त्वचा इतक्या वेगाने का बिघडते, याचा उलगडा यामुळे झाला. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि ते तिचे कवच असते, हे शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ मध्येच सांगून ठेवले होते. तरीही सामू (pH) ९-१० असलेल्या, म्हणजे आम्लाच्या उलट अल्कधर्मी अशा नेहमीच्या साबणाने प्रत्येक वेळी खसखसून धुणे हीच स्वच्छतेची रीत पुढे कित्येक दशके चालू राहिली, हे या इतिहासातले सर्वांत खटकणारे प्रकरण म्हणावे लागेल.

दुसरी उसनवारी शय्याव्रणाची. रुग्णाला शय्याव्रण होणे हा बहुधा आजाराचा नव्हे, शुश्रूषेचा दोष होय, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये लिहिले. नितंबांवरची लाली अनेकदा शय्याव्रणाची पहिली पायरी म्हणून नोंदवली जाई. मग रुग्णाला कुशीवर वळवले जाई, गादी बदलली जाई, आणि त्वचा मात्र ओलीच राही. युरोपातील दाबव्रणविषयक (म्हणजे शय्याव्रणविषयक) तज्ज्ञ मंडळाने २००५ मध्ये या दोहोंतील फरक स्पष्ट करणारे निवेदन काढले. दाबाने होणारी जखम सहसा हाडाच्या उंचवट्यावर असते, तिच्या कडा रेखीव असतात आणि ती खोलवर जाऊ शकते. ओलाव्याचा दाह पसरट आणि उथळ असतो, त्याच्या कडा विस्कटलेल्या असतात आणि तो त्वचेच्या घडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर उमटतो. मुख्य लालीभोवती बारीक पुटकुळ्या सुट्या विखुरलेल्या दिसल्या, तर कँडिडा बुरशीची शंका घ्यावी लागते आणि मग बुरशीरोधक मलम लागते.

त्वचेवर आडपडदा उभा करण्याची कल्पना मात्र या सगळ्या वादांहून जुनी आहे. पेट्रोलियम जेलीचे अमेरिकी पेटंट चेसब्रो यांना १८७२ मध्ये मिळाले, आणि झिंक ऑक्साइडची लासार यांची पेस्टही एकोणिसाव्या शतकातलीच. ती घट्ट पेस्ट दर वेळी मुळापासून घासून काढण्याच्या हट्टापायी त्वचेचे नुकसानच होते. मळलेला वरचा थर अलगद टिपून त्यावर नवा लावणे पुरेसे असते. अतिशोषक पॉलिमरचे डायपर १९८० च्या दशकात आले आणि त्वचेशी येणारा ओलावा कमी झाला, पण जेलीचा जाड लेप डायपरची शोषणक्षमता घटवतो, ही नवी अडचण उभी राहिली. डायमेथिकोन या सिलिकोनची मलमे आणि त्वचेवर पातळ पापुद्रा धरणारी ॲक्रिलेट द्रव्ये यांना म्हणून पसंती मिळू लागली.

प्रौढांच्या या दाहाची कारणमीमांसा ब्राउन आणि सिअर्स यांनी १९९३ मध्ये मांडली, तर २००७ मध्ये तज्ज्ञांचे पहिले सहमतीपत्र प्रसिद्ध झाले. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्याला त्या तारखेपर्यंत केवळ १३ चाचण्या हाती लागल्या. साबण-पाण्याचा प्रभाव कमी पडतो आणि त्वचेवर राहू देण्याची द्रव्ये लावणे न लावण्यापेक्षा बरे, एवढेच त्यातून म्हणता आले. कोणते द्रव्य सरस, हे ठरवण्याइतका पुरावा नव्हता. एका चाचणीतील लालीचे मोजमाप दुसरीशी जुळत नसणे, ही त्यातली मोठी अडचण होती. बेल्जियममधील गेंट विद्यापीठात त्यानंतर तयार झालेल्या वर्गीकरणात म्हणून दोनच मुख्य गट ठेवले आहेत : त्वचा अभंग असून टिकून राहिलेली लाली, आणि त्वचा गेलेली असणे. प्रत्येकात संसर्गाची लक्षणे आहेत की नाहीत, एवढीच पुढची विभागणी.