संत्र्याचा ताण: आधी फुलासाठी, आता पाण्यासाठी

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडच्या संत्रेवाल्याला ‘झाडाला पाणी कमी द्या’ म्हटलं तर तो हसेल. झाड उपाशी ठेवायची विद्या त्याच्याकडे आजोबांपासून आहे. मृग बहार घ्यायचा तर एप्रिल-मेमध्ये बगीच्याचं पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू लागली की ताण बसला समजायचं आणि जूनच्या पावसावर फूल घ्यायचं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो. भारी काळ्या जमिनीत ओल खाली दबा धरून असते. त्यात अवकाळी सर आली की मुसळ केरात. आंबियाला, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या बहाराला, डिसेंबर-जानेवारीची थंडी हातभार लावते, पण त्याची कोवळी फळं ऐन उन्हाळ्यात झाडावर असतात. मे महिन्यात ज्याच्या विहिरीला पाणी नाही, तो म्हणून मृगाकडे वळतो.

या ताणाचा हेतू फुलाचा. पाणी वाचायचं ते ओघानं. मोट जाऊन पंप आले, विहिरी आटल्या तशा बोअर आल्या, त्याही खोल खोल गेल्या, आणि वरुड-मोर्शी भागाला ‘डार्क झोन’ (जमिनीतल्या पाण्याचा अति उपसा झालेला भाग) हे नाव चिकटलं. पाणी वाचवणं हाच हेतू झाला तो त्यानंतर.

जगात मात्र हा विचार वेगळ्या वाटेनं आला. १९७०-८० च्या दशकांत ऑस्ट्रेलियातल्या टाटुरा संशोधन केंद्रात पीच आणि नाशपातीवर प्रयोग झाले: फळ हळू वाढतं त्या काळात पाणी मोजून कमी केलं, तर फांद्यांचा माज उतरतो, फळाचं फारसं बिघडत नाही. पुढे स्पेनमध्ये लिंबू आणि क्लेमेंटाईन संत्र्यांवर हेच तपासलं गेलं. फूल आणि फळधारणेच्या वेळी झाड तहानलं तर गळ होते. फळ पोसायच्या सुरुवातीच्या काळात ते काही प्रमाणात सोसतं, पुढे पाणी पूर्ववत करावं लागतं. नागपुरात १९८० च्या दशकात लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय केंद्र आलं (आताची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था). तिथे नागपुरी संत्र्यावरही ठिबकमधून कमी पाण्याचे प्रयोग झाले.

पण स्पेनचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं बसत नाही, आणि शिफारशी वाचताना हेच निसटतं असं मला वाटतं. तिकडे फळ पोसायचा काळ कोरड्या उन्हाळ्यात येतो, तेव्हा कपात म्हणजे खरी बचत. आपल्या आंबियाचा तोच काळ पावसाळ्यात जातो. पाणी आभाळातून पडत असताना तोडणार काय? आणि एप्रिल-मेमध्ये, पाण्याची खरी ओढ असते तेव्हा, आंबियाचं फळ बोराएवढं असतं. तिथे हात आखडला की झाडाखाली हिरव्या फळांचा सडा.

मृगाचं उलटं आहे. फळधारणा पावसात उरकते आणि फळ ऑक्टोबरनंतर पोसतं, विहिरीच्या पाण्यावर. कपातीला जागा असेल तर तिथे. तीही ठिबकवरच, कारण आळ्यात पाट फोडून दिलेल्या पाण्याचा पाव हिस्सा कमी करायचा म्हटला तरी तो मोजणार कसा?