किरणोत्सारी कचऱ्याचे प्रादेशिक व्यवस्थापन (अमेरिका)

कमी पातळीच्या किरणोत्सारी कचऱ्यासाठी राज्यांनी आपसांत करार करून गट बांधावेत आणि गटातल्या एका राज्याने तो पुरायला जागा द्यावी, अशी अमेरिकेत १९८०च्या कायद्याने आलेली व्यवस्था. या गटाला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात. त्याला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, संमती लागते.

अणुवीज केंद्रांतले दूषित हातमोजे, फडकी, अवजारे, पाणी गाळणारी रेझिने, रुग्णालये व प्रयोगशाळांतल्या नळ्या हा सगळा या प्रकारचा कचरा. वापरलेले अणुइंधन यात धरत नाहीत. किरणोत्साराच्या चढत्या क्रमाने त्याचे अ, ब, क असे वर्ग पाडले आहेत. क वर्गाचा कचरा किमान ५ मीटर खोल किंवा ५०० वर्षे टिकेल अशा अडथळ्याखाली पुरावा लागतो.

१९७५ ते १९७८ या काळात न्यूयॉर्क, केंटकी आणि इलिनॉयमधल्या जागा बंद पडल्या. उरल्या तीन : दक्षिण कॅरोलायनात बार्नवेल, नेव्हाडात बीटी आणि वॉशिंग्टनमध्ये रिचलंड. देशभरचा कचरा आपल्याच दारात का, हा या तीन राज्यांचा सवाल रास्त होता. १९७९ मध्ये बीटी व रिचलंड काही काळ बंद ठेवण्यात आल्या, तर बार्नवेलने आवक निम्म्यावर आणली. पुढच्याच वर्षी कायदा झाला. गटाबाहेरचा कचरा नाकारण्याचा हक्क, हे त्यातले राज्यांसाठीचे मुख्य आमिष.

गट झाले, जागा मिळेनात. १९८५च्या दुरुस्तीने जागा उभारण्याची मुदत १९९२ अखेरपर्यंत वाढवली, टप्पे ठरवले, जादा शुल्क लावले. मुदत चुकवणाऱ्या राज्याने कचऱ्याची मालकीच घ्यावी, हे कलम मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये रद्द केले.

अडचण कुठे होती, ते नेब्रास्कात स्पष्ट दिसते. अर्कान्सा, कॅन्सस, लुइझियाना व ओक्लाहोमा यांच्यासह हे राज्य मध्य गटात होते. गटाने यजमान म्हणून नेब्रास्काची निवड केली आणि बॉइड काउंटीतल्या ब्यूट गावाजवळची जागा ठरली. प्रदेशाचा नकाशा बोर्डरूममध्ये आखता येतो. खड्डा मात्र कुणाच्या तरी शेताशेजारीच खणावा लागतो. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. १९९८ मध्ये राज्याने परवाना नाकारला. भूजल पृष्ठभागाच्या फार जवळ असणे हे त्यामागचे एक कारण होते. गट न्यायालयात गेला, नेब्रास्काने सद्भावनेने निर्णय घेतला नाही असे तिथे ठरले आणि २००४च्या तडजोडीत राज्याला १४.१ कोटी डॉलर देणे मान्य करावे लागले. जागा झाली नाही ती नाहीच.

कॅलिफोर्नियातली वॉर्ड व्हॅली आणि टेक्सासमधली सिएरा ब्लँका या योजनाही बारगळल्या. दरम्यान कचरा पुरण्याचे दर वाढल्याने कारखाने व केंद्रांनी कचरा दाबून, वेगळा काढून त्याचे आकारमान कमी केले. नियोजनाने साधले नाही ते दरांनी बरेचसे साधले.

गटपद्धतीखाली नव्याने उघडलेली एकच जागा म्हणजे टेक्सासमधली अँड्र्यूज काउंटी. तिथल्या मतदारांनी २००९ मध्ये जागेच्या उभारणीसाठीच्या ७.५ कोटी डॉलरच्या रोख्यांना अवघ्या तीन मतांच्या आघाडीने मान्यता दिली. टेक्सास व व्हरमाँट यांच्या गटासाठी ती २०१२ मध्ये सुरू झाली; गटाच्या आयोगाच्या परवानगीने बाहेरच्या राज्यांचा कचराही तिथे घेतला जातो.