वाद कुठे संपतो, वितंडा कुठे सुरू होते

'वाद' हा शब्द आपण पार बदनाम करून टाकला आहे. 'त्या दोघांत वाद आहे' म्हटलं की भाऊबंदकी, कोर्टकचेरी नाहीतर वर्षानुवर्षांचा अबोला आठवतो. वितंडवाद म्हणजे त्याच्याही वरचढ, जास्त आरडाओरड्याचा वाद, असं आपण धरून चालतो. त्यामुळे दिवाळीला घर भरलेलं असताना आरक्षणाचा, देवाधर्माचा किंवा निवडणुकीचा विषय निघाला की आतून हाक येते, 'वाद नको आता, पानं घेतलीत, चला.' जे थांबवायला हवं आणि जे चालू राहायला हवं, ते दोन्ही एकाच झाकणाखाली जातं. मला हे फार नुकसानीचं वाटतं.

गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या आपल्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. वादात दोघांनी आपापला पक्ष घ्यायचा, प्रमाणं आणि तर्क यांच्या आधारानं तो मांडायचा आणि दुसऱ्याचा तपासायचा. जल्पातही दोन पक्ष असतात, पण जिंकण्यासाठी शब्दच्छलासारख्या क्लृप्त्याही वापरल्या जातात. वितंडेचं सूत्र अगदी आटोपशीर आहे : 'स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा.' ज्यात स्वतःचा पक्ष मांडलेलाच नाही असा जल्प, ती वितंडा. समोरच्यानं काहीही म्हणावं, आपण ते खोडत जावं, आणि 'बरं, मग तुमचं काय म्हणणं?' असं विचारलं की दुसऱ्या मुद्द्यावर उडी मारावी.

या व्याख्येत आवाजाचा, रागाचा, टेबलावर मूठ आपटण्याचा उल्लेखही नाही. वितंडा अत्यंत सौम्य आवाजात, हसतमुखानं, 'मी फक्त प्रश्न विचारतोय' म्हणत करता येते. उलट, खरा वाद कडाक्याचा होऊ शकतो.

टिळक आणि आगरकर यांचंच बघा. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय, लग्न झालेलं असलं तरी, १० वरून १२ वर नेलं. त्याआधी 'सुधारक' आणि 'केसरी' यांच्यात जे झालं ते वाचताना आजही अंग गरम होतं, इतकी ती भाषा तिखट आहे. पण टिळकांचा विरोध नुसता खोडण्याचा नव्हता. परक्या सरकारनं आपल्या सामाजिक चालीरीतींत कायद्यानं हात घालू नये हा त्यांचा पक्ष होता. शिवाय ज्यांना सुधारणा हवी त्यांनी मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत न करण्याचं स्वतःवर बंधन घालून घ्यावं, असा पर्यायही त्यांनी पुढे ठेवला होता. मला आगरकरांची बाजू पटते. दहा-अकरा वर्षांच्या मुलींचे जीव जात असताना समाजाच्या स्वखुशीची वाट पाहणं मला मान्य होत नाही. तरीही टिळकांचं म्हणणं काय होतं हे आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी मला सांगता येतं, त्यावर बोट ठेवून 'इथे चुकलं' म्हणता येतं. वितंडा करणाऱ्याबद्दल हे जमत नाही, कारण बोट ठेवायला त्यानं जागाच ठेवलेली नसते. ज्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली त्यांनी तर वितंडाही केली नाही. तिथे माणूसच नाकारला गेला.

वादाचं मला सर्वांत मोठं वाटणारं उदाहरण १९३६ चं आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं डॉ. आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं, मसुदा वाचून काही भाग गाळायला सांगितला, त्यांनी नकार दिला आणि परिषदच बारगळली. आंबेडकरांनी ते भाषण स्वखर्चानं छापलं. गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा आंबेडकरांनी गांधींचे ते लेख आपल्याच पुस्तकात छापले आणि मग त्यांना उत्तर दिलं. विरोधकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत वाचकापुढे ठेवायचं आणि मग खोडायचं. आपल्याकडे याला पूर्वपक्ष म्हणतात. उत्तरात कुठेही गुळमुळीतपणा नाही, ते धारदारच आहे. पण वाचकाला दोन्ही बाजू तोलता येतात. विरोधकाचं एक अर्धवट वाक्य कापून फिरवण्याची आजची सवय पाहिली की ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते.

वाद घसरतो कसा, याच्याही खुणा जुन्या लोकांनी नोंदवून ठेवल्या आहेत. न्यायसूत्रांत हरण्याच्या जागा, म्हणजे निग्रहस्थानं, बावीस सांगितली आहेत. त्यातली एक 'मतानुज्ञा'. आपल्या पक्षातला दोष नाकारायचा नाही, फक्त 'तुमच्यातही तो आहे' एवढंच म्हणायचं. 'आमच्या पक्षाच्या नेत्यानं पैसे खाल्ले म्हणता, तुमच्यानं नाही खाल्ले?' 'आमच्या प्रथेवर बोलता, त्यांच्या प्रथेवर बोलायची हिंमत आहे का?' रोज रात्री टीव्हीवर हेच चालतं, आणि बोलणाऱ्याला वाटतं आपण बाजी मारली. शास्त्राच्या हिशेबानं तो तिथे हरलेला असतो, कारण समोरच्यावर आरोप करताना स्वतःवरचा त्यानं कबूल करून टाकलेला असतो.

दुसरी खूण छलाची, म्हणजे शब्दाचा अर्थ मुद्दाम फिरवण्याची. 'नवकंबल' हे त्याचं जुनं उदाहरण. कुणी म्हणालं, अमक्याकडे नव कांबळं आहे, म्हणजे नवीन. दुसरा लगेच म्हणतो, कुठे आहेत नऊ कांबळी? एकच तर दिसतंय! धर्माच्या चर्चेत हे सारखं होतं. एखादी मुलगी म्हणते, 'मी देव मानत नाही.' काकू म्हणतात, 'मग आईवडिलांनाही मानत नसशील!' पहिलं 'मानणं' म्हणजे अस्तित्व स्वीकारणं, दुसरं म्हणजे मान देणं. शब्द एक, अर्थ दोन, आणि मुलगी क्षणात कृतघ्न ठरते. इथे चिडण्याऐवजी दोन अर्थ वेगळे करून दाखवले तर पुष्कळदा बोलणं परत रुळावर येतं.

पूर्वग्रहाचं प्रकरण मात्र सर्वांत अवघड. 'ती लोकं तसलीच' हे वाक्य दिसतं एखाद्या पक्षासारखं, म्हणून आपण त्याच्याशी वाद करायला जातो. आपण त्याच समाजातल्या चार माणसांची उदाहरणं देतो, आणि उत्तर येतं, 'ते अपवाद.' पाचवं द्या, तेही अपवाद. अनुकूल उदाहरण पुरावा आणि प्रतिकूल उदाहरण अपवाद ठरत असेल, तर ते मत तपासणीसाठी मांडलेलंच नाही. मी अशा वेळी उदाहरणं देणं थांबवते आणि विचारते, 'काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?' काही जण खरोखर विचारात पडतात. काही जण 'काहीच नाही' म्हणतात, आणि मग निदान दोघांनाही कळतं की आपण कुठे उभे आहोत.

इथे एक अन्याय टाळायला हवा. स्वतःचा पर्याय न देता शंका घेणारा प्रत्येक माणूस वितंडा करत नसतो. एखादा बाबा हवेतून अंगारा काढतो म्हणाला, तर त्याला 'तपासू द्या' म्हणणाऱ्यानं दुसरा चमत्कार करून दाखवण्याची गरज नाही. ज्यानं दावा केला, सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. आणि 'तपासल्याशिवाय मानणार नाही' हासुद्धा एक पक्षच आहे, तो उघड मांडलेला आहे आणि पुरावा मिळाला तर मागे घेता येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्या कायद्यात देवावरच्या श्रद्धेला हात लावलेला नाही. त्यात कृत्यांची यादी आहे. त्यांच्या विरोधकांपैकी किती जणांनी ती यादी वाचून तिच्याशी वाद घातला असेल, हा प्रश्न मला अजूनही छळतो.

वितंडा फक्त श्रद्धावंत करतात असंही नाही. मी स्वतः केली आहे. आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या वेळी मी मामांना म्हणाले, 'हे पिंडदान, कावळ्याला घास, सगळं थोतांड आहे.' मामांनी चढ्या आवाजात विचारलं, 'ठीक. मग तुझ्या आजोबांची आठवण आम्ही कशी ठेवायची, ते सांग.' मी म्हणाले, ब्राह्मणांना दक्षिणा कशाला? ते म्हणाले, ते सोड, माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी वाद करत होते ते मामा. मी शांतपणे, चांगल्या भाषेत, नुसती खोडत होते.

चरकसंहितेत वैद्यांच्या चर्चेबद्दल बोलताना संभाषेचे दोन प्रकार केले आहेत : संधाय, म्हणजे जोडून घेणारी, आणि विगृह्य, म्हणजे झुंजीची. पहिलीत निःशंक बोलावं, निःशंक विचारावं, हरण्याची भीती बाळगू नये आणि जिंकलो म्हणून आनंदानं नाचू नये, असं तिथे सांगितलं आहे. हे मी वाचलं तेव्हा मला मामांचा तो प्रश्न आठवला.

पुढच्या वर्षी मी उत्तर घेऊन गेले. आजोबा ज्या शाळेत शिकवायचे तिथे दरवर्षी त्या तिथीला पुस्तकं द्यावीत, त्यांच्या विद्यार्थ्यांना बोलवावं. मामांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, 'पुस्तकं देऊ. पण पिंडही ठेवणार. तुझं म्हणणं मला निम्मं पटलंय.' उरलेलं निम्मं का पटत नाही ते त्यांनी मला अर्धा तास समजावलं. मी का मानत नाही ते मी समजावलं. मामी दोनदा 'वाद पुरे' म्हणून गेल्या, आणि दोन्ही वेळा मामाच म्हणाले, 'थांब गं, ती काहीतरी सांगतेय.'