मास्तरच्या पेन्शनीचं खरं काय ते

आमच्याकडं पानठेल्यावर कोणी बी म्हणते, मास्तरले काय टेन्शन बाप्पा, रिटायर झाला का घरबसल्या अर्धा पगार, मंग हे संपावर काहून गेले? मार्च २०२३ च्या जुन्या पेन्शनीसाठीच्या संपापासून हेच ऐकून राहिलो, अन हे अर्धंच खरं हाय. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी जे लागले त्यायले जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या बेसिकच्या (मूळ पगाराच्या) अर्धी, वरून महागाई भत्ता, त्यासाठी पगारातून काही कापत नाही. नंतर लागलेल्यायचं गणितच वेगळं. माह्या लहान भावाची पगाराची स्लिप पाहा ना, बेसिक अन महागाई भत्ता मिळून जे होते त्याचे १० टक्के दर महिन्याले कापून जाते, सरकार १४ टक्के टाकते, तो पैसा बाजारात लागते अन रिटायर होताना ६० टक्क्यांपर्यंत हातात, बाकीच्यातून महिन्याचं जे बसेल ते पेन्शन. किती बसेल हे आधी कोणीच लिहून देत नाही! म्हणून त संपात घोषणा, "एकच मिशन, जुनी पेन्शन". २०२४ ले सरकारनं अर्ध्या पगाराच्या हमीचा पर्याय मंजूर केला, पण त्याले २५ वर्षं नोकरी पाहिजे अन कपात तिथं बी हायेच. कापसाले भाव नाही अन यायले पेन्शन पाहिजे, हा राग मले समजते, मी बी पराटीवालाच हाय, पण भावाच्या स्लिपवरची कपात काही खोटी नाही.