पुठ्ठ्यामागची २०० वर्षं

दर शनिवारी नौपाड्यात आमच्या घरी रोल प्लेइंग गेमचं टेबल लागतं, पाच प्लेयर एकेक कॅरेक्टर होऊन खेळतात आणि मी जीएम, म्हणजे गेम मास्टर, गोष्ट चालवणारी आणि निकाल देणारी. त्यातला एक नवीन आहे, घणसोलीहून ट्रान्स हार्बरने येतो, त्याने मागच्या आठवड्यात विचारलं की ताई, तुमच्या त्या पुठ्ठ्याच्या मागे असतं तरी काय? पुठ्ठा म्हणजे जीएम स्क्रीन. घरीच केलेला आहे, जुन्या बॉक्स फाइलचे पुठ्ठे कापडी टेपने जोडलेत, आतून रूल्सचे तक्ते चिकटवलेत आणि वरच्या कडेला कपड्यांचे चिमटे, प्रत्येक चिमट्यावर एका कॅरेक्टरचं नाव, म्हणजे मारामारी सुरू झाली की चिमटे टर्नप्रमाणे लावून ठेवायचे, कोणाचा नंबर कधी ते सगळ्यांना दिसतं. तेव्हा मी दोन वाक्यांत उत्तर दिलं पण ते मलाच अपुरं वाटलं, कारण त्या पुठ्ठ्यामागे एक फार जुना वाद आहे. टेबलावर काय घडलं ते ठरवायचं कोणी, तक्त्याने की माणसाने?

हा वाद आमच्या ड्रॅगनवाल्या खेळांच्याही आधीचा, थेट प्रशियाच्या सैन्यातला. १८१२ मधे राइसविट्झ नावाच्या माणसाने राजाला युद्धाचा एक खेळ करून दिला आणि १८२४ मधे त्याच्या मुलाने, जो सैन्यात अधिकारी होता, त्याचे सुधारलेले नियम छापले, नाव क्रीगस्पील. नकाशा, ठोकळे, फासे आणि मधे अंपायर. दोन्ही बाजूंचे अधिकारी हुकूम लिहून त्याच्याकडे द्यायचे, तो फासे टाकून तक्त्यावरून नुकसान काढायचा आणि ज्याला जेवढं खरंच दिसलं असतं तेवढंच नकाशावर मांडायचा. माहिती राखून ठेवणं हे आपलं काम तेव्हापासूनचं आहे बघा. पण तक्त्यांच्या हिशोबात खेळ रखडायला लागला, मग १८७६ मधे व्हेर्डी दु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने मांडलं की तक्ते ठेवा बाजूला, अनुभवी अंपायर स्वतःच्या समजेने निकाल देईल. आज रूल्स पाळणारा जीएम भारी की मनाने ठरवणारा, यावर जे वाद चालतात त्यांचं मूळ इथे आहे.

पुढचा टप्पा अमेरिकेत, मिनेसोटात. १९६९ मधे डेव्हिड वेस्लीने ब्राउनस्टाइन नावाचा गेम घेतला, त्यात प्रत्येकाला एकेक माणूस दिला, कोणी मेयर, कोणी विद्यार्थी. लोक ठरवलेली लढाई सोडून आपापसात कारस्थानं करायला लागले, वेस्लीला वाटलं गेम फसला, आणि प्लेयर म्हणाले परत कधी! त्याच ग्रुपमधल्या डेव्ह आर्नेसनने मग ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक जगातला खेळ सुरू केला, तो युद्धखेळ लिहिणाऱ्या गॅरी गायगॅक्सपर्यंत पोचला आणि १९७४ मधे डंजन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आलं, एका बॉक्समधे तीन छोट्या पुस्तिका. त्यात जीएमला अजून रेफरीच म्हटलंय, डंजन मास्टर हा शब्द नंतर रुळला.

त्या पुस्तिकांमधे राक्षस आणि खजिना भरपूर पण टेबल चालवायचं कसं ते फारच थोडं. ही उणीव इलिनॉयमधल्या जजेस गिल्डने ओळखली, १९७६ पासून ते फक्त जीएमला लागणाऱ्या वस्तू काढायला लागले, तयार शहरं, नकाशे, तक्ते, आणि १९७७ मधे छापील स्क्रीन. पडदा लपवण्यासाठी असतो असं सगळ्यांना वाटतं, पण माझ्या मते त्याचा खरा उपयोग आतल्या बाजूला आहे, पान न उलटता नियम समोर दिसतो आणि खेळ थांबत नाही. मग १९७९ मधे गायगॅक्सचं डंजन मास्टर्स गाइड आलं, त्यात फासे टाकत टाकत अख्खं भुयार तयार करायचे तक्ते आहेत, एकटीने बसून केलं तरी मजा येते.

१९८४ मधे ड्रॅगनलान्सची मॉड्यूल्स, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी तयार साहसांची पुस्तकं, आली आणि पारडं कथेकडे झुकलं, गोष्ट आधीच लिहिलेली, प्लेयरने तिच्याच रुळावरून जायचं. मला हे कधी जमलं नाही, आणि याचं कारण माझ्यासाठी दशावतार आहे. आमच्या सिंधुदुर्गाकडे दशावतारात लिहिलेली संवादाची वही नसते, तोंड रंगवायच्या आधी कथानक कसं जाणार एवढं बोलून घेतात, पुढचं सगळं नट रंगमंचावर उभं करतात. जीएमची तयारी एवढीच असावी. २०१० मधे व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या गेमने हेच नियमांतच घातलं, कथा आधी ठरवू नका म्हणून, ते वाचताना मला दशावतारच आठवत होता.

एक साधन मात्र मी उशिरा घेतलं याचं वाईट वाटतं. आमच्या एका सेशनमधे भुयारात पाणी चढत होतं, मी रंगवून रंगवून सांगत होते, छातीपर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं, आणि एक प्लेयर एकदम गप्प झाला, हातातला फासा तसाच. २६ जुलै २००५ ला तो शाळकरी होता, रात्रभर पाण्यात अडकला होता, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. जॉन स्टावरोपोलसचं एक्स कार्ड २०१३ पासून आहे, कार्डावर नुसती फुली, कोणीही त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग सोडायचा, कारण विचारायचं नाही. आता ते टेबलाच्या मधोमध असतं, पुठ्ठ्याच्या बाहेर, सगळ्यांच्या हाताला येईल असं.

ऑनलाइनचं थोडक्यात, रोल ट्वेंटी ही असे गेम खेळायची वेबसाइट २०१२ ची, लॉकडाउनमधे आम्ही त्यावरच खेळलो, आणि त्यात नकाशावरचा अंधार जीएम हळूहळू उघडतो तेव्हा मला राइसविट्झचा अंपायर दिसतो, काम तेच.

घणसोलीवाला पुढच्या महिन्यात पहिल्यांदा सेशन घेणार आहे. त्याच्यासाठी दुसरा पुठ्ठा कापून ठेवलाय. आत तीनच गोष्टी चिकटवल्यात, दहा नावं (वाटेत अचानक कोणी भेटलं तर), सोप्या, मधल्या, अवघड कामाला फाशावर किती पडायला हवं ते आकडे, आणि प्रत्येक प्लेयरच्या कॅरेक्टरला काय हवंय त्याची एकेक ओळ. बाकी जागा कोरी आहे, चिमटे मात्र त्याने स्वतःचे आणायचेत.