होम्स जे वाक्य बोललाच नाही

‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’ (अगदी सोपे आहे, प्रिय वॉटसन) हे आर्थर कॉनन डॉयलच्या मूळ कथांमधले गुप्तहेर शेरलॉक होम्सचे पालुपद आहे, असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो स्वाभाविकही आहे, कारण यातले शब्द त्याचेच आहेत. मात्र ५६ लघुकथा आणि ४ कादंबऱ्यांत ते असे सलग कुठेही येत नाहीत. ‘स्ट्रँड’ मासिकात १८९३ साली आलेल्या ‘द क्रुकेड मॅन’ या कथेत त्याचा मित्र डॉक्टर वॉटसनचे बूट वापरलेले असूनही मळलेले नाहीत, यावरून तो घोडागाडीने फिरण्याइतका कामात आहे, हे होम्स ताडतो. त्या बोलण्यात ‘माय डिअर वॉटसन’ आधी येऊन जाते. मग वॉटसन ‘एक्सलंट!’ उद्गारतो आणि होम्सच्या उत्तराची सुरुवात होते, ‘एलिमेंटरी’. ही एकशब्दी सुरुवात मला अधिक देखणी वाटते. कथांचा मूळ इंग्रजी मजकूर इंटरनेटवर मोफत मिळतो; त्यात आधी पूर्ण वाक्य शोधावे, नंतर दोन्ही तुकडे वेगवेगळे.