गाडीत सगळं आहे, मग ती खपली का नाही?
जुनी छोटी गाडी घ्यायला येणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्या आवारात एकाच सालच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात. एक स्विफ्ट, मधलं मॉडेल, एअरबॅग नाही, स्टिअरिंगवर एकही बटण नाही. दुसरीत टचस्क्रीन, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी सोय), दोन एअरबॅग, आपोआप तापमान सांभाळणारा एसी, आणि किंमत मात्र स्विफ्टपेक्षा चांगलीच कमी. ग्राहक दुसरीत बसतात, दार लावून त्याचा आवाज ऐकतात, खूश होतात. मग काचेवरचा किमतीचा कागद वाचतात आणि विचारतात, "एवढी स्वस्त का? ठोकलेली आहे का? पुरात बुडालेली?"

बहुतेक वेळा तसं काही नसतं. ती गाडी नवी असतानाच खपली नव्हती. पण का खपली नव्हती, हे समजून घेतल्याशिवाय ती घेऊ नका असं आम्ही सांगतो. काही कारणं जुन्या गाडीच्या ग्राहकाच्या फायद्याची असतात आणि काही त्याला पुढे सात-आठ वर्षं छळतात.

चेहरा ओळखीचा निघाला की

टाटाची बोल्ट जानेवारी २०१५ मध्ये आली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ९० पीएस ताकद, इको, सिटी आणि स्पोर्ट असे गाडी चालवण्याचे तीन प्रकार, वरच्या मॉडेलला हरमन कंपनीचा टचस्क्रीन. त्या वर्गात हे सगळं एकत्र मिळणं तेव्हा दुर्मीळ होतं. आजही एखादी नीट वापरलेली बोल्ट आली की आमचे मेकॅनिक तिला एक चक्कर मारून आणतात आणि तिच्या सस्पेन्शनचं कौतुक करतात.

तरी ती चालली नाही. बाजूने पाहिलं तर ती टाटाचीच जुनी व्हिस्टा दिसायची आणि व्हिस्टा म्हटलं की इंडिका आठवायची. १९९८ ची इंडिका ही आतून ऐसपैस गाडी होती, मोठ्या घराची गरज भागवणारी, पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती टॅक्सीवाल्यांची झाली. स्वतःच्या कष्टाचे पाच-सहा लाख घालून दारात उभी केलेली गाडी पाहून शेजाऱ्याने "टुरिस्टला लावणार का?" असं विचारावं, हे कोणालाच नको असतं. आतला टचस्क्रीन शेजाऱ्याला दिसत नाही, दाराचा आकार दिसतो. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, त्याच कंपनीची टियागो आली. आकाराने थोडी लहान, किंमत ३ लाख २० हजारांपासून सुरू (दिल्ली एक्स-शोरूम), आणि अंगावर इंडिकाची खूण कुठेही नाही. ती धावली. तिचं आधी ठरलेलं झिका हे नाव त्याच नावासारख्या विषाणूची साथ आल्यामुळे ऐनवेळी बदलावं लागलं होतं, तरीही धावली.

अशा कारणाने मागे राहिलेली गाडी जुन्या बाजारात घ्यायला हरकत नाही. कंपनी उभी आहे, सर्व्हिस सेंटर आहेत, आणि दिसण्यामुळे पडलेला भाव तुमच्या खिशात राहतो.

इंजिन तेच, भरवसा वेगळा

पुणेकरांना जवळचं उदाहरण म्हणजे फियाटची पुंटो. नगर रस्त्यावर रांजणगावला बनायची. २००९ मध्ये ग्रँड पुंटो आली, तेव्हा तिच्या वरच्या मॉडेलमध्ये आवाजी सूचनेवर चालणारी ब्लूटूथ यंत्रणा होती. पत्रा जाड, हायवेला गाडी जमिनीला चिकटून चालायची. आणि तिचं डिझेल इंजिन कुठलं? १२४८ सीसीचं मल्टिजेट, म्हणजे तेच जे मारुतीने परवान्याने बनवून स्विफ्ट, डिझायर आणि रिट्झमध्ये घातलं, टाटाने व्हिस्टामध्ये घातलं. फियाटने तयार केलेल्या इंजिनावर चालणाऱ्या डिझेल स्विफ्टसाठी लोक महिनोन्‌महिने थांबायचे, आणि खुद्द फियाटच्या शोरूममध्ये गर्दी नसायची.

कारण इंजिनात नव्हतंच. भारतात फियाटच्या विक्रीचे आणि सर्व्हिसिंगचे हात अनेकदा बदलले. आधी प्रीमियर कंपनी, मग २००६ पासून टाटाची शोरूम, २०१२ मध्ये तीही सोय संपवून कंपनीची स्वतःची वेगळी दुकानं. दर वेळी ग्राहकाच्या मनात एकच शंका: आज घेतली, तर तीन वर्षांनी सर्व्हिसिंगला कुठे न्यायची? समोर मारुती होती, जिचं वर्कशॉप तालुक्याच्या गावीही सापडतं. सिन्नरच्या किंवा फलटणच्या माणसाने काय निवडायचं? त्याने स्विफ्ट निवडली आणि त्याच्या जागी आम्हीही तीच निवडली असती. गाडीत क्रूझ कंट्रोल (पाय न दाबता वेग कायम ठेवणारी सोय) आहे की नाही, हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

२०१५ मध्ये १४५ पीएसची अबार्थ पुंटोही आली, चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली, किंमत दहा लाखांच्या आत. ज्यांनी घेतली ते आजही जिवापाड जपतात. पण शौकिनांच्या जोरावर कारखाना चालत नाही.

किंमत एक पायरी वर गेली की

होंडा जॅझ पहिल्यांदा २००९ मध्ये आली ती सुमारे सात लाखांना. मागची सीट हवी तशी दुमडायची, आत सायकल उभी राहील एवढी जागा, इंजिन निर्धोक. पण सात लाखांत तेव्हा डिकीवाली गाडी येत होती, आणि आपल्याकडे "तेवढ्या पैशात मोठी येते की" हे वाक्य घरातले वडीलधारे बोलले की बुकिंग तिथेच थांबतं. २०११ मध्ये कंपनीने किंमत सुमारे दीड लाखांनी उतरवली, तेव्हा कुठे तिच्याकडे लोक वळले.

छोट्या गाडीची लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर कर कमी लागतो. २००६ पासून हे चालत आलं आहे. त्यामुळे सगळ्या कंपन्या त्याच मापात गाडी बसवतात आणि मोठेपणा दाखवायला सोयींची यादी लांबवतात. यादी लांबली की किंमत चढते, आणि टॉप मॉडेल वरच्या वर्गाच्या दारात जाऊन उभं राहतं. गेल्या काही वर्षांत त्या दारात छोट्या एसयूव्ही उभ्या आहेत. २०२४ साली देशात सर्वाधिक खपलेली गाडी टाटा पंच होती. आठ लाख हातात असलेल्या माणसाला सोयींनी भरलेली ठेंगणी गाडी दाखवली, तर तो उंच गाडीचं मधलं मॉडेल घेतो.

सुरक्षेच्या सोयींचं दुःख आम्हाला जास्त वाटतं. फोर्डने २०१५ च्या फिगोमध्ये वरच्या मॉडेलला सहा एअरबॅग दिल्या होत्या. त्या काळी आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असायचा, "ॲव्हरेज किती देते?" एअरबॅगचं नाव निघालं की "त्या उघडल्या तर खर्च किती?" असा दुसरा. एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ मध्ये सक्तीची झाली, शेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ मध्ये. म्हणजे २०१९ च्या आधीची जुनी गाडी घेत असाल, तर कमी खपलेल्या गाडीत तुम्हाला या गोष्टी मिळण्याची शक्यता जास्त आहे आणि जास्त खपलेलीत नसण्याची. मुलांना घेऊन मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जाणाऱ्या घराने हे सनरूफच्या आधी पाहावं, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

बिल्ला

निसानची मायक्रा आणि रेनॉची पल्स या एकाच कारखान्यातल्या, जवळजवळ एकाच गाडीच्या दोन आवृत्त्या होत्या. पल्स फारशी चाललीच नाही. उलट टोयोटाची ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनो, तरी २०१९ पासून चांगली खपते आहे. नावामागे असलेलं सर्व्हिसिंग लोक विकत घेतात.

आता तुमच्या व्यवहाराबद्दल

काही वर्षांपूर्वी आम्ही एका ताईंना अशीच एक सर्व सोयींनी भरलेली गाडी दिली. कंपनीने देशातली विक्री बंद केलेली होती, हे आम्हाला माहीत होतं आणि आम्ही ते सांगितलंही होतं. पण आठ महिन्यांनी समोरून किरकोळ धडक बसली आणि उजवा हेडलाइट मिळेना. नाना पेठेत विचारलं, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे माणूस पाठवला. गाडी सव्वा महिना आमच्या शेडमध्ये उभी राहिली. त्या ताई रोज रिक्षाने शाळेत शिकवायला जात होत्या. चूक आमची होती. इंजिनाचे पार्ट मिळतात का, एवढंच आम्ही तपासलं होतं.

इंजिन, क्लच, ब्रेक पॅड, फिल्टर हे बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी गाडीशी जुळतात. मल्टिजेट इंजिन २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर बनायचं थांबलं, तरी त्याचे पार्ट गल्लोगल्ली आहेत, कारण लाखो मारुती त्यावर चालतात. अडतं ते फक्त त्याच मॉडेलचं असलेलं सामान: हेडलाइट, बंपर, दार, पुढची काच, एसीचं कंट्रोल पॅनेल, टचस्क्रीन, इंजिनाचा संगणक. म्हणजे ज्या सोयींसाठी तुम्ही गाडी पसंत केली, नेमक्या त्याच बिघडल्या तर पंचाईत. शेव्हरोलेची विक्री २०१७ मध्ये थांबली, फियाटची २०१९ च्या सुमारास, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. या तिन्हींच्या गाड्या आम्ही आजही विकतो, पण प्रत्येकाला नाही.

विम्याचंही एक लक्षात घ्या. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. भाव पडलेल्या गाडीची आयडीव्ही कमी आणि पार्ट महाग, त्यामुळे मध्यम अपघातातही ही रेषा लवकर गाठली जाते.

दर दोन-तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने अशी गाडी घेऊ नये. आज तुम्हाला स्वस्त मिळाली, तशीच उद्या तुमच्या हातून स्वस्त जाईल. घरात एकच गाडी आहे आणि तिच्यावर रोजचा धंदा किंवा दवाखान्याच्या फेऱ्या अवलंबून आहेत, त्यांनाही आम्ही जास्त खपलेलीच सुचवतो. सात-आठ वर्षं ठेवणार, शहरात किंवा शहराजवळ राहणार, ओळखीचा मेकॅनिक आहे, अशांना मात्र इतक्या कमी पैशात इतकी चांगली आणि सुरक्षित गाडी दुसरीकडे मिळणार नाही.

त्या ताईंच्या प्रसंगानंतर कमी खपलेल्या प्रत्येक गाडीसोबत आम्ही एक कागद देतो. त्यावर वर सांगितलेल्या सात वस्तूंची नावं असतात आणि प्रत्येकीसमोर ती आज कुठे मिळते, ओरिजिनल की जुनी, किती रुपयांना, किती दिवसांत, हे लिहिलेलं असतं. माहिती त्याच आठवड्यात फोन करून घेतलेली असते. एखादी वस्तू मिळत नसेल तर तसं लिहितो आणि किंमत त्या हिशेबाने कमी करतो. टोकन देण्याआधी हा कागद मागून घ्या, घरी न्या, तुमच्या मेकॅनिकला दाखवा. गाडी पाहायला शक्यतो सकाळी या, म्हणजे इंजिन थंड असताना तुमच्यासमोर सुरू करून दाखवता येईल.